खुंटी मोकळी शे

पिंप्राळा, जळगाव
११ नोव्हेंबर २०२४

युवराज,

जय भीम. तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पाकिटावर सुरतेचा पत्ता पाहून मला वाटलं, पोस्टमन चुकला. मग अक्षर पाहिलं. उजवीकडे कललेलं, तुझ्या बाबांसारखं, आधारसारखंच. सोळा वर्षांत तुझ्याकडून एक ओळ नाही, माझ्याकडूनही नाही, आणि एकदम चार पानं. शीतल विचारत होती, बाबा, कुणाचं पत्र? म्हटलं, जुन्या ओळखीच्याचं.

तुझी आई, रुक्मावहिनी, गेल्याचं मला सप्टेंबरमध्येच कळलं होतं. मी आलो नाही. गुडघे दुखत होते आणि एसटीत उभं राहणं होत नाही. हे कारण लिहून परत वाचलं तर मलाच पटलं नाही. तरी खोडत नाही, कागद खराब दिसतो.

१९ जानेवारीला तू गावी आई आणि बाबा दोघांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला आहेस हे चांगलं केलंस. आधारबद्दल मी चार आठवणी लिहून द्याव्यात, तू त्या सगळ्यांसमोर वाचून दाखवशील, असं लिहिलंस. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण बावीस वर्षं आम्ही एका जिनिंगमध्ये काम केलं, एका भाकरीचे दोन तुकडे केले, तेव्हा मीच लिहायला पाहिजे. लिहीन.

तुझ्या पत्राच्या शेवटी दोन ओळी वेगळ्या पेनने लिहिल्या आहेत. "तोताराम सध्या कुठे असतो? आई होती म्हणून मी थांबलो होतो."

त्या ओळी मी चष्मा पुसून पुन्हा वाचल्या. युवराज, आधार गेला तेव्हा मशीनचं बटण त्याने दाबलं, हे खरं. त्यासाठी तो दोन वर्षं तुरुंगात बसून आला. आता त्याच्याकडून काय घ्यायचं राहिलं आहे? तो कुठे असतो ते मला ठाऊक नाही.

फोन नंबर दिलास, पण मला फोनवर नीट ऐकू येत नाही. शिवाय तोंडाने बोलताना माणूस काहीही बोलून जातो. पत्रच बरं. तिकीट नीट चिकटलं नाही असं वाटतंय, थोडा भात लावला आहे. पोचलं की कळव.

सुपडूआबा

पिंप्राळा
२७ नोव्हेंबर २०२४

युवराज,

तुझं दुसरं पत्र आलं. आठवणी मागतोस त्या आधी लिहितो, बाकीचं मग.

आधार हसवणारा माणूस होता. नरडाण्याच्या पुढची आमची ती जिनिंग, कापूस भरभरून यायचा, रुईचे तंतू नाकातोंडात जायचे, आठ तास मशीनचा आवाज. अशा जागी माणसं चिडकी होतात. आधार होता म्हणून आमची पाळी चिडकी झाली नाही. सगळ्यात जास्त खोड्या माझ्या काढायचा. मी घाबरट, सारखी काळजी करणारा. डब्याला कडी लावली का, सायकलला कुलूप लावलं का, हे तीन तीनदा पाहणारा. मग तो मुद्दाम माझ्या सायकलचं कुलूप उलटं लावून ठेवायचा. बुटात सरकी भरायचा. मी पाय घातला की ओरडायचा, "सुपड्या, पेरणी व्हई गई का रे?" सगळी पाळी हसायची. मीही हसायचो.

आणि घरचा असा, की मधल्या सुट्टीत डबा उघडला की पहिला घास घेण्याआधी म्हणणार, आज रुक्मीने काय घातलंय ते आधी वास घेऊन सांगतो. बरोबर सांगायचा. तुला दहावीला किती मार्क पडले ते गेटपासून गाठी दाबायच्या प्रेसपर्यंत प्रत्येकाला सांगितलं, मग शेठच्या कुत्र्यालाही सांगितलं. पगाराच्या दिवशी सगळे नाक्यावर थांबायचे, हा सरळ घरी. "घर माले हाक मारी ऱ्हायनं," म्हणायचा.

त्याची ती पोपटी कानटोपी तुला आठवत असेल. रुक्मावहिनीने पहिल्यांदाच लोकर हातात धरली आणि विणली. एक कान बोटभर लांब झाला. आम्ही त्याला सश्या म्हणायचो. तो म्हणायचा, "जळा रे जळा. तुमनी बायकोनी विणी का काही?"

त्या टोपीवरूनच आमच्या पाळीचा नियम झाला, हे लोकांना वाचून दाखव. जिनिंगमध्ये जमिनीखाली एक नाळी असते. तिच्यात मोठा लोखंडी स्क्रू फिरतो आणि कापसातून निघालेली सरकी पुढे ढकलतो. कधी बोळा अडकतो, मग स्क्रू बंद करून माणसाला आत उतरावं लागतं. वरून बटणावरच्या माणसाला नाळीतलं दिसत नाही, आतून मारलेली हाकही ऐकू येत नाही. कंपनीने पूर्वी लाल पाटी दिली होती, 'माणूस आत आहे' अशी. ती हरवली. आधार म्हणाला, "पाटी कोन वाचस? टोपी सगळास्ले दिसस." बटणाशेजारी एक लाकडी खुंटी होती. जो उतरेल त्याने आपली टोपी तिथे टांगायची. टोपी आहे तोवर बटणाला हात नाही. वर आला की स्वतःची टोपी स्वतः काढायची. मग बटणावरच्या तोतारामने खुंटी पाहायची, मोठ्याने ओरडायचं, "खुंटी मोकळी शे, चालू करस हो!" आणि बटण दाबायचं. अकरा वर्षं कुणाच्या नखाला लागलं नाही. तू डबा घेऊन यायचास तेव्हा तूही तसं ओरडायचास, आठवतं?

आता बाकीचं. तू विचारतोस, टोपीला आतल्या बाजूने पिवळा तेलकट डाग कसा, आई नेहमी विचारायची. अरे, जिनिंग म्हणजे सरकी, सरकी म्हणजे तेल. आमचे सगळ्यांचेच कपडे तसे. वहिनींना इतकी वर्षं हा प्रश्न पडला होता हे मला माहीत नव्हतं.

आणि तोतारामला एकदाच समोर बसवून विचारायचं आहे, असं लिहितोस. पुढच्या ओळीत लिहितोस, त्यानंतर त्याला कुणी काही विचारायची गरज राहणार नाही. हे वाक्य मला आवडलं नाही. घरात बायको आहे, लहान मुलगी आहे. टेम्पो नीट चालव, रात्रपाळी कमी घे.

मला पत्ता माहीत नाही हे मी लिहिलंच आहे.

सुपडूआबा

पिंप्राळा
१९ डिसेंबर २०२४

युवराज,

तुझ्या पत्रात फक्त तीन शब्द. "सापडला. धुळे. देवपूर."

ते वाचल्यापासून गॅस बंद आहे का ते पाहायला मी दिवसातून दहादा उठतो. शीतल चिडते. म्हणते, बाबा, गॅस संपलाय तरी तुम्ही बंद करताय.

मी तुझ्याशी खोटं बोललो. पत्ता मला माहीत होता. सहा वर्षांपूर्वी धुळ्याच्या स्टँडवर मला तो दिसला होता, मी मागोमाग गेलो. पांझरा नदीच्या पलीकडे लाकडाच्या वखारीत राखणदारी करतो, मागे दोन खोल्या आहेत. त्यानंतर दर वर्षी मी एकदा जातो. समोरच्या टपरीवर चहा घेतो, तो दिसला की परत येतो. आत कधी गेलो नाही.

या सोमवारी आत गेलो. तुझ्या आधी पोचायचं होतं.

त्याने मला लगेच ओळखलं. म्हणाला, "ये सुपडू, बस. म्हातारा व्हई गया तू." मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. त्याची बायको कुंदाबाई चुलीपाशी होती, तिने वळून पाहिलं नाही. खोलीत अंधार होता. तोतारामने तिला हाक मारली, "लाइट लाव वं." बटण त्याच्या डोक्याशी होतं, हात वर केला असता तर लागलं असतं. ती हात पुसत आली, दिवा लावला, पुन्हा चुलीपाशी गेली. जाता जाता मला म्हणाली, "सोळा वरीस व्हई गयात. कोनतंच बटण दाबतस नही ते. पंखा बी मीच लावस."

मी सांगितलं, युवराज येणार आहे, पोलिसात जा, नाहीतर महिनाभर मुलीकडे जाऊन राहा.

तो म्हणाला, "येऊ दे त्याले. मी वाट देखी ऱ्हायनू."

कुंदाबाई म्हणाली, "देखा यास्ले. जीव जड व्हई गया."

मग तो माझ्याजवळ सरकला. युवराज, हे मी जसंच्या तसं लिहितो. म्हणाला, "सुपडू, एक डाव सांग. कोर्टमा तू सांगं टोपी व्हती. मी सांगं नव्हती. मी देखीसनच बटण दाबं व्हतं ना रे भाऊ? खुंटी मोकळी व्हती ना?"

मी चष्मा काढून पुसत बसलो.

तो म्हणाला, "पहिले माले पक्कं याद व्हतं. मोकळी खुंटी. आते डोळा मिटस ना, तं टोपी दिसस. पोपटी. लांब कानवाली. तूच खरा बोलना व्हशी. माले दिसनी नही."

मी चहा न पिता उठलो. स्टँडवर आलो आणि दोन गाड्या सोडल्या, तिसरीत बसलो.

तू त्याच्याकडे जाऊ नकोस. तुला हात जोडतो. एवढ्यात जाऊ नकोस. मी तुला आणखी एक पत्र लिहिणार आहे, ते वाचल्याशिवाय तू सुरतेहून निघू नकोस. आधारची शपथ घालायचा मला अधिकार नाही, म्हणून घालत नाही.

सुपडू

पिंप्राळा
३ जानेवारी २०२५

युवराज,

हे पत्र मी चारदा सुरू केलं. तीन कागद फाडले. या वेळी फाडणार नाही.

त्या दिवशी सकाळी आधारने माझ्या डब्यातल्या भाकऱ्या काढून त्या जागी सरकीच्या पेंडीचे दोन तुकडे ठेवले. सुट्टीत मी सगळ्यांसमोर डबा उघडला. तो म्हणाला, "खाय रे, म्हैस ना रोज खास." सगळे हसले. तोतारामला तर ठसका लागला. मग आधारने माझ्या भाकऱ्या आपल्या रुमालातून काढून दिल्या, वर रुक्मावहिनीची भरली वांगी वाढली. मी खाल्ली. पण त्या दिवशी मला राग आला होता. बावीस वर्षांत मी कधी उलटून त्याची खोडी काढली नव्हती. मनात आलं, एकदा तरी काढायची.

सुट्टीनंतर नाळीत बोळा अडकला. आधारने टोपी खुंटीला लावली, पाना घेतला, उतरला. थोड्या वेळाने वर आला. मी त्याला वर आलेला माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो नळावर हात धुवायला गेला. टोपी खुंटीवरच होती, विसरला होता. तोतारामची पाठ माझ्याकडे होती, तो शेडबाहेर तंबाखू झाडत होता. मी टोपी काढली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत कोंबली. आता शोध म्हणावं सश्या.

पाना आत राहिला होता. हे मला माहीत नव्हतं. नळावरून येऊन आधार पाना आणायला पुन्हा उतरला. तो वर खुंटीकडे पाहायला थांबला नाही. टोपी तिथे आहे हे त्याला माहीतच होतं. त्याने स्वतः लावली होती.

मी गाठींच्या थप्पीमागे पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. हसू दाबत होतो. तोताराम आत आला. नेहमीसारखा ओरडला, "खुंटी मोकळी शे, चालू करस हो!"

ते मी ऐकलं. आधार आत आहे असं मला वाटलं नव्हतं. पण खुंटी का मोकळी आहे हे त्या शेडमध्ये एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने तोंडातून हूं की चूं केलं नाही. खोडी फुटेल म्हणून.

पुढचं तुला माहीत आहे. पुढचं मी लिहिणार नाही.

सगळे नाळीकडे धावले. मीही धावलो. पिशवी माझ्या हातातच होती. बटणापाशी कुणी नव्हतं. मी टोपी काढून खुंटीला लावली. असं का केलं ते सोळा वर्षं मी स्वतःला विचारतो. कदाचित मला वाटलं, टोपी जागेवर गेली की सगळं जागेवर जाईल. तेवढ्यात तोताराम मागे वळला. त्याने खुंटीकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं ते मला अजून दिसतं.

पोलिसांच्या साहेबांनी एकेकाला विचारलं. टोपी होती का? इतरांनी सांगितलं, आम्ही नंतर पाहिली तेव्हा होती. मला विचारलं, बटण दाबलं तेव्हा तुम्ही जवळ होता, होती का? मी म्हटलं, होती साहेब. कोर्टातही तेच म्हटलं. शीतल तेव्हा लग्नाची होती, हे कारणही मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

टोपीचा डाग सरकीच्या तेलाचा नाही. शीतलच्या आईच्या कैरीच्या लोणच्याचा आहे. डब्याचं झाकण सैल होतं. तुझ्या आईने माझ्या डब्यातलं ते लोणचं बावीस वर्षं आधारकडून मागवून घेतलं होतं. तिला वास ओळखू आला नसेल असं मला वाटत नाही. दहाव्या दिवशी तिने मला पाणी दिलं आणि माझ्याकडे फार वेळ पाहिलं. त्यानंतर मी तुमच्या घरी आलो नाही.

तोतारामचा काही दोष नाही. तुझं जे काही असेल ते माझ्याकडे आहे. पत्ता पाकिटावर लिहिला आहे. पिंप्राळ्यात रिक्षावाल्याला पाण्याच्या टाकीमागची गल्ली सांग.

हे रजिस्टरने पाठवतो आहे. पोस्टातल्या बाईंनी विचारलं तर सांगेन, महत्त्वाचा कागद आहे.

सुपडू

पिंप्राळा
१८ जानेवारी २०२५

युवराज,

पोच पावतीवर तुझी सही आली. नऊ तारखेची. त्यानंतर दररोज मी दारात बसलो. काल पार्सल आलं.

आत चिठ्ठी नव्हती. दोनदा पाहिलं, कागद उलटा करून पाहिला. फक्त टोपी.

ती धुतलेली नाही. आधारचा शर्ट रोज दगडावर आपटून पांढरा करणाऱ्या बाईने ही टोपी सोळा वर्षं धुतली नाही. डाग तसाच आहे. वास गेला आहे, पण मला येतो.

तू तोतारामकडे गेलास की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. म्हणून आज सकाळच्या गाडीने मी धुळ्याला जाऊन आलो. तो घरीच होता. तू आला नाहीस, असं म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं, जे तुला लिहिलं ते. कुंदाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून ऐकत उभी राहिली. तोताराम रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "मंग माले रोज दिसस ती टोपी कोनी शे?"

कुंदाबाईने दार उघडून धरलं. "निंघा," म्हणाली. एवढंच.

उद्या एकोणीस तारीख. तुझा कार्यक्रम सकाळी आहे. संपल्यावर तू इकडे येशील असं मला वाटतं. तू कसा येशील, हातात काय असेल, हे मी मनात आणत नाही, म्हणजे सारखं आणतो. शीतल आणि जावई उद्या भुसावळला लग्नाला जाणार आहेत. मलाही चला म्हणत होती. म्हटलं, गुडघे. ती म्हणाली, मग कडी नीट लावून घ्या, तुम्हाला सांगायला नको म्हणा. तिला अजून काही सांगितलेलं नाही. तिच्यासाठी वेगळा कागद लिहून देव्हाऱ्यातल्या बुद्धमूर्तीखाली ठेवला आहे. तो तिलाच मिळू दे.

आमच्या दाराबाहेर डाव्या हाताला एक खिळा आहे, छत्रीसाठी ठोकलेला. तुझ्या बाबांची टोपी मी तिथे लावली आहे. शीतलने विचारलं, ही कुणाची? म्हटलं, कामावरच्या माणसाची.

कडी लावणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही, पोचणार नाही. म्हणून घडी करून टोपीच्या आत ठेवतो आहे. म्हणजे तू हे वाचत असशील, तर टोपी तुझ्या हातात आहे. तू ती खिळ्यावरून काढली आहेस, आणि तिथे आता काही नाही. कुणी रस्त्याने जाणाऱ्याने पाहिलं तर त्याला वाटेल, इथे कुणी नाही.

मी पलीकडच्या खोलीत खाटेवर बसलो असेन, दाराकडे तोंड करून. मला कमी ऐकू येतं, पण तुझी हाक येईल. लहानपणी डबा घेऊन यायचास तेव्हा ओरडायचास, तशी मार. काही करायच्या आधी एकदा मार. मी ओ देईन. तुझ्या बाबांना ती द्यायला मिळाली नाही.

खिळा मोकळा आहे युवराज, पण माणूस आत आहे.

सुपडू